पडली की पाडली

नव्वदच्या आसपास ठाणे जिल्ह्यात केबिन रोडवर माझा हाडांचा दवाखाना होता. मी दादरहून आलेला, माझ्या शुद्ध मराठीचा मला भारी तोरा. जवळच्या पेणकरपाड्याची एक बाई मोडलेला हात घेऊन आली. गर्दी होती, मी नेहमीसारखा वैतागलेला. "काय झालं?" खेकसूनच विचारलं. तिने सांगितलं ते तिच्या बोलीत. त्या बोलीत 'ड'चा 'र' होतो: पडलेचं परले, पाडलेचं पारले. मी केसपेपरवर 'पडल्याने इजा' असं लिहिलं, प्लास्टर घातलं आणि विसरून गेलो.

वर्षभराने ठाण्याच्या कोर्टाचं समन्स आलं. दिराने जिन्यावरून ढकललं, अशी तिची फिर्याद होती. पाहणारं कुणी नव्हतं. तिची सगळी भिस्त माझ्यावर.

साक्षीआधी ती बाहेर भेटली. "डॉक्टर, मी तुमाला सांगितलं व्हतं ना, दिरानी मना पारलं?"

परले की पारले? एका कान्याचा फरक, आणि मी नक्की काय ऐकलं होतं ते मलाच सांगता येईना.

पिंजऱ्यात दिराच्या वकिलाने माझाच कागद माझ्यापुढे धरला. "यात ढकलल्याचा उल्लेख आहे?"

"नाही. पण ढकलल्यानेही हाड असंच मोडतं."

"विचारलं तेवढंच सांगा."

मग सरकारी वकिलाने पुन्हा उठून विचारलं, "दिराने ढकललं, असं बाईंनी तुम्हाला सांगितलं होतं का?" ती माझ्याकडे टक लावून पाहत होती. 'हो' अगदी ओठांवर आलं होतं. पण शपथ घेतलेली, आणि आठवणीत नुसता दवाखान्याचा गोंगाट.

"नेमकं आठवत नाही," मी म्हणालो.

पुढे दीर सुटला. डॉक्टर मित्र म्हणाले, बरोबर केलंस, साक्षीत पेशंटची बाजू घ्यायची नसते. मान्य. तरी मी खरं बोललो की सोयीचं, याचा घोळ माझ्या मनात अजून मिटलेला नाही.

साक्ष संपल्यावर कोर्टाबाहेर ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. ती शांतपणे म्हणाली, "आमची भाषा तुमाला कलत न्हाय, तं तवाच परत इचाराचं व्हतं."