मागच्या बैठकीवरचे बाबा

आता तुम्ही हसणारच आहात, पण निदान शेवटपर्यंत थांबा. माझी अशी फजिती आजवर परीक्षकांनीही केलेली नाही.

आमच्या नानाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, अमरावतीहून बदली होऊन निघालेल्या एका गोऱ्या साहेबाकडून जोडसायकल विकत घेतली. एकामागे एक दोन बैठका, पायडलं दोघांना, पण वळवायचं हँडल एकट्या पुढच्याच्या हातात. नानाला लांबचं दिसत नाही, म्हणून पुढे मी. तिच्यावर आम्ही अमरावतीहून निघालो, मेळघाट चढलो, धारणी गाठली आणि अकोटवरून अकोल्याला घरी आलो.

आमच्या जठारपेठेत शिरले तेव्हा मी अजून जंगलातच होते. डोळे मिटले की घाटाचा उतार दिसायचा आणि मोहाचा वास यायचा, इतका दाट, की वाटावं चाकं त्या वासावरच तरंगताहेत. हे सगळं मला घरी सांगायचं होतं. आईने रडून घेतलं आणि पानं वाढली. बाबांनी अबोला धरला.

का? तर वकिलाची मुलगी भर पेठेतून पुढे बसून आली आणि मुलगा मागे! मी बी. ए.ला आहे, पण यात चुकलं काय ते मला अजून उमगलेलं नाही.

बाबांच्या अबोल्याची एक रीत आहे. मी समोर बसलेली असले तरी ते तिसऱ्या माणसाकडे बघून बोलतात.

"तिला म्हणावं, भात घे."

"भात घे गं," आई म्हणते.

"त्यांना सांग, नको."

तिसरं माणूस नसेल तर घर मुकं. आणि मला तर त्यांच्याकडून एक 'हो' हवा होता. पुढच्या सुटीत पचमढीला जायचं होतं, आणि बाबांच्या शब्दाशिवाय नाना पायडलवर पाय ठेवायला तयार नव्हता.

तेवढ्यात बार्शीटाकळीच्या आत्याकडे सत्यनारायण निघाला. घरची सगळी सकाळीच बैलांच्या दमणीत बसून गेली, मी मागून सायकलने जाणार होते. बाबांना कोर्टात उशीर झाला, आगगाडी चुकली. घरात उरलो मी, बाबा आणि सायकल.

मी ती दारात उभी केली. बाबांनी इकडेतिकडे पाहिलं. निरोप द्यायला कुणीच नव्हतं. शेवटी धोतर खोचून, पगडी दाबून बसले मागे. पाय नुसते पायडलांवर ठेवलेले. गव्हाचं पोतं ओढावं तशी मी त्यांना रेल्वेच्या फाटकापर्यंत ओढत आणलं. फाटक बंद होतं. पलीकडे पळस असा पेटला होता, की मी त्याच्याकडेच बघत राहिले. गाडी गेली, फाटक उघडलं, मी जोर लावला.

आणि सायकल पिसासारखी निघाली.

बाबा पायडल मारत होते! मला भरूनच आलं. तोंडाने नसेल बोलायचं, म्हणून माणूस पायांनी बोलतोय.

"बाबा," मी पुढे बघत म्हणाले, "तुम्ही काही बोलू नका. मीच बोलते."

आणि बोलले हो मी. मेळघाटातल्या एका कोरकू गावातली म्हातारी सांगितली, जिने आम्हाला मोहाची फुलं खायला दिली आणि नानाला माझा नवरा समजून त्याची कीव केली. घाटमाथ्यावर ढग पायाखाली होते, ते बघताना बाबाच आठवले, हेही सांगितलं. "तुम्ही रागावलेले मला चालता, गप्प नाही चालत," म्हणताना तर चक्क रडले. दोन्हीकडे शेतं, वर सोनेरी ऊन, आणि सायकल आपली आपण चाललेली.

"पचमढीला जाऊ ना? नाही म्हणायचं असेल तर आत्ता म्हणा."

नुसता वारा. नाही म्हणाले नाहीत.

आत्याच्या अंगणात सगळी जमली होती. मी उतरायच्या आधीच जाहीर केलं, "बाबांनी पचमढीला हो म्हटलं."

आत्या माझ्या मागे बघत राहिली. "वत्से, आमचा दादा कुठी ठेवला वो?"

मी वळले. मागची बैठक रिकामी.

बऱ्याच वेळाने कडब्याची एक बैलगाडी आली. तिच्यातून बाबा उतरले, पगडीत कडबा. ते मला ओलांडून आत्याकडे गेले.

"तिला म्हणावं, जे सांगायचं ते मी फाटकवाल्याजवळ सांगितलंय."

झालं. प्रसादही न घेता मी सायकल उलटी फिरवली. फाटकवाला मला बघून आधीच हसत होता.

"बाई, तुमचे बाबूजी उतरून माह्याकडे आले. म्हणले, त्या पोरीले सांग, पचमढीले जाय म्हणा. मी सांगाले वळलो, तं तुमी कुठी? आमी दोघायनं हाका मारल्या. तुमी आपल्या बोलूनच राह्यल्या!"

"म्हणजे हो म्हणाले?"

"म्हणले ना. मंग लय वेळ रस्त्याकडे पायत राह्यले. मंग म्हणले, आता असं सांग, जाय, पण समोर नोको बसू."

पचमढीला आम्ही गेलो. नाना नवा चष्मा लावून पुढे, मी मागे. पचमढीची जंगलं काय वर्णावीत! पण मला धड स्वप्नात जाता आलं नाही, कारण बाबांनी नानाला बजावून ठेवलं होतं. दर मैलाला तो ओरडायचा, "आहेस का गं?"

आणि मी वर्गातल्यासारखी उत्तर द्यायचे, "हजर."