झिंगराजींचा वळसा

आमच्या गावच्या पोळ्यात एक म्हातारा गृहस्थ स्वतःशीच भांडायला गावाबाहेरच्या मैदानाला, म्हणजे सबंध आखराला, वळसा घालून जात असे. पाहुण्यांना हे वेडेपणाचे वाटे. आम्हाला त्यात काही विशेष वाटत नसे. फक्त ते पलीकडे पोहोचेपर्यंत बैल धरून उभे राहायचा कंटाळा येई.

हे गृहस्थ म्हणजे झिंगराजी. त्यांच्या आणि आमच्या गोठ्याची भिंत एकच होती, त्यामुळे ते माझ्याशी कमी आणि माझ्या बैलांशी जास्त बोलत. उंची बेताची, आवाज मात्र बैलगाडीच्या कण्याला वंगण नसावे तसा. डोक्याला पागोटे. ते बांधायला त्यांना बराच वेळ लागे आणि बांधून झाल्यावरही ते आत्ताच झोपेतून उठल्यासारखेच दिसे.

आमच्याकडचा पोळा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. संध्याकाळी गावाबाहेरच्या आखरावर साऱ्या जोड्या सजून येतात. दोन खांबांना आंब्याच्या पानांचे तोरण बांधलेले असते आणि त्याच्या दोन्ही अंगांना बैल उभे राहतात. मग एका अंगाने कोणीतरी झडती म्हणायची. झडती म्हणजे चार-सहा ओळींचा जुळवलेला टोमणा. तो पाटलावर असो, पावसावर असो, नाहीतर शेजाऱ्याच्या कंजूषपणावर असो. दुसऱ्या अंगाने तिला झडतीनेच उत्तर द्यायचे आणि सगळ्यांनी मिळून हर हर महादेव म्हणायचे. उत्तर आल्याशिवाय तोरण तुटत नाही, आणि तोरण तुटल्याशिवाय त्याखालून माणूस काय, बैल काय, कोणीच जात नाही.

झिंगराजींना उत्तर देणारा आमच्या गावचा सुतार होता. दोघे वर्षभर एकमेकांशी अत्यंत गोड बोलत आणि पोळ्याला एकमेकांची सालटी काढत. पुढे तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली आणि विलायतेला आमच्या कापसाची गरज लागली. बघता बघता वऱ्हाडातल्या मातीला असा भाव आला की माणसे शेताच्या बांधावरही सरकी पेरू लागली. सुतार अमरावतीला रुईच्या गाठी बांधण्याच्या कामावर गेला आणि तिकडचाच झाला. बाकीच्यांना झडती जुळवायला सवड नव्हती. एकाने तर स्पष्टच सांगितले, "झडतीनं का भेटते? कापसानं भेटते."

तेव्हापासून झिंगराजी दोन्ही बाजू सांभाळू लागले. अलीकडून झडती म्हणायची. मग तोरणाखालून जाता येत नाही म्हणून विहीर, मारुतीचे देऊळ आणि गावाचा उकिरडा असा वळसा घालून पलीकडे जायचे, आणि तिथून स्वतःला उत्तर द्यायचे. उत्तर देताना ते स्वतःची मुळीच गय करत नसत. त्यांच्या आवाजाची, पागोट्याची, नांगरटीची ते इतकी निंदा करत की परत येताना त्यांचा चेहरा खरोखर दुखावल्यासारखा दिसे. अलीकडे आले की म्हणत, "तिकळचा माणूस लय वंगाळ बोलते."

मी एकदा त्यांना म्हणालो, "बाबाजी, आमाले शिकवा ना. तुमचा वळसा तरी टळन." ते कडबा तोडत होते. त्यांनी विळा खाली ठेवला नाही. "झडती शिकून येत नाई," ते म्हणाले. "लागून येते." घरी एखादी म्हणून दाखवा म्हटले तर तेही नाही. तोरणाखेरीज झडती म्हणायची नाही असा त्यांचा नेम होता. कारण विचारले तर म्हणत, "घरात म्हनली का भांडन होते." आणि त्यांच्या पत्नी सोनामाय आतून म्हणत, "होते."

झडत्यांचा सर्वांत मोठा वाटा आमच्या पाटलांकडे जाई. पाटील मनाने वाईट नव्हते. पण भाव चढला तशी त्यांनी ज्वारी बंद करून साऱ्या शेतात कपाशी लावली, आणि आलेल्या पैशातून आपल्या मानाच्या जोडीला चांदीच्या शेंब्या केल्या. शिंगांच्या टोकांना बसवलेल्या त्या शेंब्या उन्हात इतक्या चमकत की बैलांकडे बघवत नसे. बघवले असते तर त्यांच्या बरगड्या दिसल्या असत्या, कारण ज्वारी नाही म्हणजे कडबा नाही. त्या वर्षी झिंगराजींनी म्हटलेली झडती अशी होती:

"चांदीच्या शेंब्या, रेशमाची झूल,
पाटील आमचा कपाशीचं फूल.
फुलाले आला भाव, पेटी रुपयानं भरे,
पाटलाच्या गव्हानीत उंदीर उपासा मरे.
बैल म्हने पाटला, शेंब्या तुह्या तुले,
कडब्याची येक पेंडी टाक बावा मले!"

आखरावर हसण्याचा असा गदारोळ झाला की दोन गोऱ्हे बुजून पळाले. पाटील हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. ते समोरच्या बाभळीकडे पाहत उभे राहिले. पोळ्यातल्या झडतीवर राग धरता येत नाही, हा नियम पाटलांनाही लागू होता, आणि त्यांना तो त्या दिवशी फार जड गेला असावा. दुसऱ्या वर्षी लोकांनी हीच झडती मागून म्हणवून घेतली. तिसऱ्या वर्षी पाटलांनी सुचवले की अमरावतीहून ताशेवाले आणावेत, तोरण लवकर तोडावे, आणि झडत्यांत उगाच जाणारा वेळ वाचवावा. झिंगराजी म्हणाले, "वाचवा. वाचलेल्या वेळाचं का कराचं ते बैलाले इचारून घ्या." ताशेवाले आले नाहीत, पण झडती ऐकायला थांबणारी माणसे कमी होत गेली. झिंगराजींना हे दिसत होते. ते बोलून दाखवत नसत. मात्र त्या वर्षी वळसा घालताना ते देवळापाशी थोडे थांबले आणि मागे वळून गर्दी किती उरली ते पाहून घेतले. मला त्यांचे फार वाईट वाटले.

मग रेल्वे आली. अकोल्यापर्यंत आलेली आगगाडी पुढे बडनेऱ्याला न्यायची होती आणि रुळांखालच्या भरावासाठी खाणीतली गिट्टी वाहायला गाड्या हव्या होत्या. पावसाने ओढ दिली होती, रस्ते वाळले होते आणि ठेकेदाराला घाई झाली होती. त्याच्या मुकादमाने पोळ्याच्या दिवसासाठी दुप्पट भाडे कबूल केले. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होते. पण पाटलांनी आपल्या जोड्या पाठवल्यावर बाकीच्यांची भीड चेपली. माझी गाडीही होती. आदल्या दिवशी बैलांचे खांदे तुपाने चोळून त्यांना जेवायचे आवतण दिले होते, आणि सकाळी त्याच खांद्यांवर जू चढवले.

झिंगराजींचा त्या उन्हाळ्यात एक बैल मेला होता. राहिलेला एकटा बैल धुऊन, शिंगांना गेरू लावून, झूल घालून ते आखरावर गेले. तिथे कोणी नव्हते. खांबही उभे केले नव्हते. बराच वेळ वाट पाहून त्यांनी आंब्याची पाने तोडली, आपल्याच गोठ्यातल्या दोरात ओवली, आणि खाणीकडून रुळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शिवेवरच्या दोन बाभळींना ते तोरण बांधून टाकले. मग एकट्या बैलाची वेसण धरून त्याखाली उभे राहिले.

खाणीकडून आमच्या भरल्या गाड्या आल्या आणि थांबल्या. रुळाकडून रिकाम्या गाड्या परतत होत्या, त्याही थांबल्या. थोड्या वेळात दोन्ही अंगांना जितक्या जोड्या जमल्या तितक्या आमच्या आखरावर कधी जमल्या नव्हत्या. सगळे आपापल्या बैलांच्या मानेकडे पाहत होते.

मुकादम घोड्यावरून आला. तो परमुलखातला होता. "ए बुढ्ढे, रास्ता खोल!" तो ओरडला.

"रस्ता उघळाच हाय," झिंगराजी म्हणाले. "तोरन बंद हाय."

"ये कब टूटेगा?"

"जबाब आला का तुटते."

मुकादमाने गाडीवाल्यांना तोरण तोडायला सांगितले. कोणी खाली उतरले नाही. तो स्वतः पुढे झाला तेव्हा मात्र दोन्ही अंगांचे सगळेच खाली उतरले आणि नुसते उभे राहिले. त्याने वर नेलेला हात आपल्या मिशीकडे वळवला, जणू तो त्यासाठीच उचलला होता.

झिंगराजींनी खाकरून झडती म्हटली. ठेकेदारावर होती, बरी होती. म्हणून झाल्यावर ते वळले आणि नाल्याच्या उतरणीकडे चालू लागले, कारण पलीकडे जायचा वळसा नाल्यातून होता. रिकाम्या गाड्यांमध्ये पहिली गाडी अंजनगावकडच्या एका माणसाची होती. रहेमानभाई त्याचे नाव, हे आम्हाला नंतर कळले. त्याने हाक मारली, "बाबा, कुठी चालले?"

"जबाब द्याले."

"कोनाले?"

"मले."

रहेमानभाईने यावर थोडा विचार केला. "मंग आमी इकळं काहून उभे हाओ?" तो म्हणाला. मग त्याने झिंगराजींच्या एकट्या बैलाकडे पाहिले, कानावर हात ठेवला आणि सुरुवात केली:

"अंजनगावची गाडी रस्त्यात अडली,
बुढ्यानं पानाची भित बांधून सोडली.
झुलीत उभा बैल, जोडीदार कोनता?
बैल म्हने, येक मेला, दुसरा बुढाच व्हता!"

दोन्ही रांगा हर हर महादेव म्हणाल्या, भरल्या गाड्यांच्या शेवटापासून रिकाम्या गाड्यांच्या शेवटापर्यंत. झिंगराजी उतरणीवर एक पाय पुढे टाकून तसेच थांबले होते. आता त्यांनी पलटून दुसरी झडती हाणायला हवी होती, नाहीतर ती हार होती. ते बैलापाशी परत आले, त्याच्या मानेवर हात ठेवला. पागोटे सोडले, पुन्हा बांधले. इतक्या वर्षांत मी त्यांना गप्प झालेले पाहिले नव्हते. शेवटी त्यांनी स्वतःच तोरणाला हात घातला आणि ते तोडले.

त्यानंतर कोणी गाडी जुंपली नाही. जागेवरच गाड्या सोडून जो तो आपले बैल नाल्यावर धुवायला घेऊन गेला. मुकादम बराच वेळ घोड्यावर बसून राहिला आणि मग कंटाळून निघून गेला.

झिंगराजी घरी आले तेव्हा मी माझी जोडी बांधत होतो. भिंतीपलीकडचे सगळे ऐकू येत होते. "आज हारलो," ते म्हणाले. सोनामायने विचारले, "कोनं हारवलं?" "अंजनगावच्या गाडीवाल्यानं. रहेमानभाई." त्यांचा आवाज असा होता जसे घरी मूल जन्मले असावे. "मंग त्याले जेवाले काहून नाई आनलं?" सोनामाय म्हणाल्या. झिंगराजी पागोटे न काढताच पुन्हा बाहेर पडले. त्या संध्याकाळी रहेमानभाईने त्यांच्याकडे पुरणपोळी खाल्ली आणि पुढच्या पोळ्याला आमच्या आखरावर यायचे कबूल केले. ते वर्षभर झिंगराजी कडबा तोडताना, वखरताना, आंघोळ करतानाही पुटपुटत असत. मी विचारले, "बाबाजी, झडती जुळवून राहिले का?" ते म्हणाले, "तुले का कराचं? तुह्यावर नाई ते."

ती झडती कोणी ऐकली नाही. आषाढात झिंगराजींना ताप भरला आणि चार दिवसांत ते गेले. शेवटपर्यंत शुद्धीवर होते. मी पायाशी बसलो होतो. मला म्हणाले, "अंजनगावचा येईन. त्याले परत पाठवू नोका." मी हो म्हटले, आणि तिथून उठून गोठ्यात जाऊन रडलो.

तोवर तिकडची लढाई संपली होती आणि कापसाचा भाव होता तिथे आला होता. पाटलांनी शेंब्या विकल्या आणि निम्म्या शेतात पुन्हा ज्वारी पेरली. पोळ्याच्या संध्याकाळी आखरावर बरीच मंडळी जमली. झिंगराजी नाहीत म्हणून जमली असावी. सोनामायने त्यांचा एकटा बैल माझ्याबरोबर पाठवला होता. मी तो नेहमीच्या जागी उभा केला. रहेमानभाई बैलजोडी घेऊन आला होता. बातमी त्याला वेशीवरच कळली. तो तोरणाच्या पलीकडे जाऊन उभा राहिला.

त्याने झडती म्हटली. त्या वर्षीच्या पावसावर होती. हर हर महादेव झाले. मग आमच्या बाजूने उत्तर यायला हवे होते. आम्ही एकमेकांकडे पाहिले. मला झिंगराजींच्या कितीतरी झडत्या ऐकल्याच्या आठवत होत्या आणि एकही पुरती येत नव्हती. बैल पाय बदलू लागले. रहेमानभाईने आपल्या जोडीची वेसण शेजाऱ्याच्या हाती दिली, धोतर थोडे वर खोवले आणि विहिरीच्या अंगाने चालू लागला. तो वळसा घालायला निघाला होता.

"थांब," पाटील म्हणाले. "तिकळंच राय."

पाटील आपल्या मानाच्या जोडीपुढे आले. बैलांच्या शिंगांना नुसता गेरू होता. गव्हाणीत मात्र कडबा असावा, कारण बरगड्या दिसत नव्हत्या. पाटलांनी समोरच्या बाभळीकडे पाहिले, दोनदा खाकरले आणि "चांदीच्या शेंब्या, रेशमाची झूल" इथपासून "टाक बावा मले" इथपर्यंत सबंध झडती म्हटली. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. उपाशी उंदीरही त्यांनी गाळला नाही.

हसावे की नाही हे कोणाला कळेना. रहेमानभाई विहिरीपाशी उभा होता तिथूनच म्हणाला, "पाटील, लय लागली व्हती वाटते."

"लय," पाटील म्हणाले. मग आमच्याकडे वळून त्यांनी जरा रागानेच विचारले, "आता हर हर महादेव कोन म्हनन, का तेही मीच म्हनू?"

आम्ही म्हटले. तोरण तुटले. त्यानंतर आमच्या आखरावर कोणालाही वळसा घालावा लागला नाही.