डावा पाय

आधी माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही आणि मीसुद्धा अजून शिकतोच आहे, त्यामुळे चार लोकांनी वाचावं असं लिहायचा मला काय अधिकार, हा प्रश्न तुमच्याआधी मलाच पडलेला आहे. पण एक गोष्ट आहे. ती मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही — आबांना नाही, नानांना नाही, खोलीवरच्या मित्रांनाही नाही. तोंडानं सांगायला गेलो की मी विषय बदलतो. म्हणून लिहितो.

सुरुवात गाडीपासून करावी लागेल.

आम्ही वडगाव रासाईचे. आबा म्हणजे माझे वडील. तरुणपणी ते मेंढरांमागं हिंडले, मग मेंढरं विकून त्यांनी शेती धरली. त्यांचे धाकटे भाऊ, माझे नाना, यांनी मोटरसायकल धरली असं गावात म्हणायचे. जुन्या घडणीची, जड, धडधडणारी गाडी होती ती. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण यात कंपनीचा काही दोष नाही. सुगी उरकली की नाना आणि त्यांचे दोस्त रशीदभाई गाड्यांना ताडपत्री, स्टोव्ह, पाण्याचा कॅन बांधून लांब निघायचे. गोव्याला, हंपीला, एकदा तर रामेश्वरला जाऊन आले. रशीदभाईंचं यवतला टायरचं दुकान. दोघांच्या गाड्या एकाच कंपनीच्या. गाडीखाली तेलाचा डाग दिसला नाही तर तेलच संपलं की काय म्हणून नाना वाकून बघतात, अशी त्यांची चेष्टा व्हायची.

मी त्याच गाडीवर शिकलो. तिचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला होता. एवढं लक्षात ठेवा. बाकी सगळं त्यावरच आहे.

मी शिरूरच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला गेलो आणि त्याच वर्षी दिवाळीआधी नानांनी कंपनी बदलली. जड गाडी त्यांच्या कमरेला झेपेना. नवी गाडी हलकी होती, बसायला ऐसपैस होती, लांबच्या रस्त्यासाठीच बनवली आहे असं विकणारा सांगत होता. रशीदभाई ती बघायला आले. गाडीभोवती फिरले, कान जवळ नेला आणि म्हणाले, "नाना, ही चालू हाय का बंद? काय कळंना." सगळे हसले. नाना हसले नाहीत. एवढी वर्षं एका कंपनीची बाजू घेऊन भांडलेला माणूस — त्याला ते लागलं असणार. पण दिवाळीनंतर कन्याकुमारीला जायचं पक्कं झालं आणि आलटून पालटून चालवायला नाना मला सोबत नेणार होते. आमच्या वर्गात जिल्ह्याबाहेर गेलेलीच मुलं थोडी. मी तर आठवडाभर आधीच सगळ्यांना सांगून बसलो होतो.

नानांची अट एकच होती. नव्या गाडीचं सगळं उलटं — गिअर डाव्या पायाला, ब्रेक उजव्या पायाला. पाय पक्का होईपर्यंत डाव्या पायातली चप्पल काढून चालवायची. ते स्वतः तसंच शिकले. उघड्या तळव्याला गिअरचं लोखंड लागलं की पाय विसरत नाही, असं त्यांचं म्हणणं. पडीक रानात त्यांनी माझ्याकडून फेऱ्या मारून घेतल्या आणि म्हणाले, अजून रस्त्यावर न्यायची नाही. गाडी चालवताना तुझा डावा पाय अजून जुन्या गाडीवरच आहे.

मग मी रस्त्यावर का नेली? खरं सांगायचं तर बुटांसाठी. कॉलेजला जायला म्हणून नवे बूट घेतले होते. एका पायात बूट आणि एक पाय उघडा, असा मी यवतच्या बाजारातून जाणार होतो का? नाना तालुक्याला गेले होते. रशीदभाईंकडे ताडपत्री पडली होती, ती आणायचं निमित्त मिळालं. दोन्ही पायांत बूट घातले आणि नदी ओलांडून दौंडच्या बाजूला निघालो.

आता धोंडीमामांबद्दल सांगतो. ते आमच्यातलेच, आबांबरोबर कोकणापर्यंत मेंढरं घेऊन हिंडलेले. आबांनी मेंढरं सोडली, त्यांनी सोडली नाहीत. दरवर्षी दसऱ्यानंतर त्यांचा वाडा आमच्या रानात उतरायचा. वाडा म्हणजे त्यांची मेंढरं, घोडी, माणसं, सगळं बिऱ्हाडच. मोकळ्या रानात रात्रभर मेंढरं बसवली की लेंडीखत पडतं, आणि त्याबद्दल शेतकरी मेंढक्याला धान्य देतो. आमच्या रानानंतर शेजारच्यांच्या, मग त्यांच्या पलीकडच्या, असा त्यांचा मुक्काम सरकायचा. आम्ही त्यांना पहिलं रान द्यायचो म्हणून बाकीचे द्यायचे. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

त्या दिवशी ते आमच्याकडेच यायला निघाले होते.

वळणावर ते मला दिसले. नीट दिसले. मेंढरं रस्त्याखालच्या रानात होती. धोंडीमामा कडेनं चालत होते आणि मागं घोडी होती, पाठीवर भांडी, घोंगड्या, कोंबड्यांची पाटी लादलेली. घोडीचा दोर त्यांच्या मुठीत होता, मनगटाला एक वेढा घेतलेला. समोरून उसाची ट्रॉली आली. मला थांबायचं होतं, फक्त थांबायचं. आणि मी सगळा जोर लावून डावा पाय दाबला.

जुनी गाडी थांबली असती. या गाडीचा गिअर पडला, गाडीनं आचका दिला, आणि थांबली नाही म्हणून मी आणखी जोरात डावाच पाय दाबला. उजवा पाय आठवलाच नाही. ट्रॉली चुकवायला मी कडेला घेतली आणि घोडीच्या मागच्या पायांवर गेलो.

मला कोपराला खरचटलं, एवढंच. घोडी बसली ती परत उठली नाही. मामा तिच्याबरोबर ओढले गेले होते, मनगटाची साल निघाली होती. ते उठले, माझ्याजवळ आले आणि मला किती लागलंय ते चाचपून बघायला लागले. घोडीकडे नंतर गेले.

लोक जमले. यवतहून रशीदभाई आले, मागून नाना आले. गाडीचं चाक वाकलं होतं, टाकीला पोचा आला होता. रशीदभाईंनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "कुठला पाय दाबला रं?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. तिथं सांगता आलं असतं — आलं असतं ना? मी म्हणालो, उजवा. आणि मग नाना ऐकतील अशा आवाजात म्हणालो की घोडी मोकळी होती, दोर हातात नव्हता, ती एकदम आडवी आली.

धोंडीमामा तिथंच उभे होते. "दोर हातात व्हता नाना माझ्या," ते म्हणाले. मनगट पुढं करून त्यांनी दाखवलंसुद्धा.

नाना म्हणाले, "कॉलेजला जातंय ते पोरगं. त्याला खोटं बोलून काय मिळणार हाय? तुमचं जनावर रस्त्यावर, आन् पुन्हा वर तोंड?"

मी खाली बघत राहिलो. माझ्या बुटांकडेच. माझ्याच माणसाविरुद्ध माझा शब्द चालला, कारण मी चार पुस्तकं जास्त वाचली होती — आणि हे मला त्या क्षणी कळत होतं. नंतर कळलं असं नाही. मेंढक्यांची जनावरं मोकाट असतात, असं सगळेच म्हणतात. मला ते माहीत होतं, म्हणूनच मी तेच खोटं निवडलं. मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी हात खाली घेतला.

त्यांचा वाडा त्या वर्षी आमच्या रानात उतरला नाही. नानांनी नाही म्हणून सांगितलं. आबा कधी नाही ते भावाशी भांडले, म्हणाले, धोंडी दोर सोडणारा न्हाई, मी त्याच्यासंगं हिंडलोय. नाना म्हणाले, मग तुमचं पोरगं खोटं बोलतंय का? आबांनी माझ्याकडे बघितलं. मी काही बोललो नाही. आबा उठून बाहेर गेले. आमचं रान बंद झालं तसं शेजारच्यांनीही मामांना नको म्हटलं, आणि पुढच्या वर्षी आमच्या बाजूला त्यांना उतरायला रानच उरलं नाही.

कन्याकुमारी राहिली. नंतर नानांनी ती गाडी दुरुस्त करून घेतली आणि अजून तीच वापरतात. रशीदभाईंनी शेवटी त्याच कंपनीची घेतली. मीसुद्धा पुढं त्याच गाडीवर पक्का झालो, चप्पल काढून शिकलो. आता माझा पाय चुकत नाही.

पुण्याला शिकायला आल्यावर मी ठरवायचो की या सुट्टीत मामांना शोधायचं. सुट्टी यायची आणि जायची. कधी परीक्षा आड यायची, कधी काही. आड काहीच आलं नाही तरी मी गेलो नाही.

गेल्या महिन्यात आबा माझ्या खोलीवर आले होते. जेवताना त्यांनी सहज सांगितलं की दौंडच्या बाजारात धोंडी भेटला. त्यानं मेंढरं विकली. आता लेकीकडे सणसवाडीला असतो, जावई कंपनीत आहे, दोन खोल्या आहेत. मी विचारलं, का विकली? अंगात ताकद तर होती.

आबा म्हणाले, मीबी तेच इचारलं. तर म्हणाला, दोर धरला असं वाटतंय मला, आन् धरलेला नसतो. हातावर इस्वास राह्यला न्हाई. त्या दिवशी पोराला कायतरी झालं असतं म्हंजी?