अंजनाने दाखवलेल्या जागा

शिराळ्याच्या वर, डोंगराला लागून असलेल्या वाडीत अंजनाला सगळे अर्धवट समजत. नवरा जयराज फौजेत, आणि ही बाई भर पावसात इरलं घेऊन बांधावर गोगलगायी बघत बसते म्हटल्यावर लोक दुसरं काय समजणार!

पण तिनं जे पाहिलं, ते पाहायची कुणाला फुरसत नव्हती. सोयाबीनचे कोवळे कोंब फस्त करणाऱ्या शंखी गोगलगायींच्या मागावर एक काळी, चामड्यासारखी, बिनशंखाची गोगलगाय असायची. शंखीच्या चिकट वाटेवरून ती सावकाश जायची, तिला गाठायची, शंखात तोंड खुपसायची आणि आतलं सगळं खाऊन रिकामा शंख टाकून द्यायची. पानाला मात्र शिवायची नाही. दिवसा बांधाच्या दगडांखाली पडून राहायची. चार पावसाळ्यांत अंजनाला तिची अंडी दोनदाच दिसली, तीही मोजकी. जिथं ती होती, तिथलंच सोयाबीन उभं होतं.

दरवर्षी वाडीची मोहीम निघे. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं रानात टाकायची आणि त्यांखाली जमलेल्या गोगलगायी सकाळी मिठाच्या बादलीत. ज्याची बादली सगळ्यांत जड, त्याला देवळापुढे मानाचा नारळ. अंजनाचे सासरे हंबीरराव निवृत्त सुभेदार. हा नारळ त्यांना दोन वर्षं हुलकावणी देत होता.

म्हणून यंदा मोहिमेआधीच अंजनानं धीर करून त्यांना बांधावर नेलं. एकेक दगड उचलून दाखवला.

"मामंजी, ह्यास्नी तेवढं मीठ लावू नगा. ह्या शंखीला खात्यात. आपली राखणच करत्यात."

हंबीररावांनी सगळं ऐकून घेतलं, मधूनमधून मानही हलवली. त्या घरात तिचं एवढं कुणी कधी ऐकलं नव्हतं. बिचारी हरखली.

मोहिमेच्या सकाळी म्हशीची धार काढून ती रानात पोचली, तर बांधाचे सगळे दगड उलटे पडले होते. सुभेदार एकही जागा विसरले नव्हते. बादलीत फेस आला होता आणि त्यात काळ्या गोगलगायी आक्रसून गेल्या होत्या.

नारळ अर्थातच त्यांना मिळाला. चारचौघांत त्यांनी तो कौतुकानं सुनेपुढे धरला.

"सूनबाईनं जागा दावल्या, म्हणून घावला."

टाळ्या पडल्या. तो नारळ त्यांच्या तोंडावर फेकून मारावा असं अंजनाला वाटलं. तिनं पदर सावरला, वाकून त्यांच्या पाया पडली आणि दोन्ही हातांनी नारळ घेतला.