मागच्या सीटवरचं मीठ

रोह्याजवळच्या अष्टमी गावचे हैबतराव मनानं फार मऊ. बोलणं मऊ, चालणं मऊ, भाकरीसुद्धा त्यांना दुधात कुस्करूनच लागे. त्यांच्या साऱ्या संसारात कडक अशा दोनच गोष्टी होत्या, बायको हौसा आणि मोटरसायकल. पैकी हौसाला मऊ करण्याचा विचार त्यांनी लग्नाच्या वर्षीच सोडून दिला होता. राहिली मोटरसायकल.

धाटावच्या एका कंपनीत ते बॉयलरवर होते. घरून पूल ओलांडून रोह्यात, रोह्यातून कंपनीत, शिफ्ट सुटली की परत, एवढंच त्या गाडीचं जग. गाडी जुनी, हिरव्या टाकीची. कुठल्या कंपनीची ते सांगण्यात अर्थ नाही, कारण हैबतरावांच्या हाती पडल्यापासून तिच्यात त्या कंपनीचं टाकीशिवाय काही उरलं नव्हतं.

पण ही सगळी खटपट निव्वळ हौसेपोटी नव्हती. तिच्यामागे चौऱ्याण्णव सालचा गणपती होता.

हौसाचं माहेर पेणच्या खाडीकाठी. बाप मिठागरात, भाऊ जनू मिठागरात, आणि मिठातून सवड मिळाली की जनू टेम्पो चालवी. त्यामुळे गणपती आणायचा तो माहेरच्या वाटेवरचा, जिते गावच्या मूर्तींच्या कारखान्यातूनच, असा हौसाचा नेम. पावसाच्या तोंडाला घरचा पाट तिकडे नेऊन द्यायचा. त्याच पाटावर शाडूची मूर्ती तयार होणार. चतुर्थीच्या आदल्या दिवशी देवाच्या तोंडावर रुमाल टाकून ती घरी आणायची, आणि मखरात बसल्याशिवाय रुमाल काढायचा नाही.

चौऱ्याण्णव साली हैबतराव पुढे आणि मांडीवर पाट घेऊन हौसा मागे, अशी ही मिरवणूक नागोठण्याला वळून भिसे खिंडीत आली. तिथे गाडी एका खड्ड्यात गेली आणि बाहेरही आली. घरी मखरात ठेवून रुमाल काढला, तर आशीर्वादाच्या हाताची बोटं पाटावर पडलेली. मग ऐन वेळी रोह्याच्या बाजारात उरलासुरला गणपती शोधावा लागला. तो मिळाला फेटेवाला, हातात तलवार घेतलेला. आरतीला आलेली माणसं दचकून मागे सरत.

"देवाचा आशीर्वाद खिंडीत सांडून आलात," हौसा म्हणाली, आणि भावासमोरच निकाल दिला. "पुढल्या वर्साला गणपती जनूच्या टेम्पोतनं येल."

हैबतरावांना हे लागलं. "पुढल्या वर्षी गाडी अशी करतो, का देवाला झोप लागंल."

"आन नाय लागली तर?"

"तर गाडी विकून टाकीन."

"आन कंपनीत कसं जाशीला?"

"जनूच्या टेम्पोतनं."

"मदीच बसावं लागंल, भावोजी," जनू आनंदानं म्हणाला. "गिअरच्या दांड्यावर. क्लीनर खिडकी सोडत नाय."

पैज ठरली. गावातली माणसं खड्डा आला की गाडी हळू करत. हैबतराव त्या दिवसापासून खड्डा दिसला की उत्साहानं तिकडे वळू लागले.

रोह्याच्या बाजारपेठेत गोविंदा मेकॅनिकचं गॅरेज होतं. गोविंदाचा एक गुण म्हणजे तो गिऱ्हाइकाला कधीही नाही म्हणत नसे. मागच्या शॉकअपच्या स्प्रिंगखाली खाचांची एक रिंग असते, ती फिरवली की स्प्रिंग दाबली जाऊन कडक होते. हैबतराव म्हणाले फिरव, गोविंदानं फिरवली. गाडी इतकी कडक झाली की रस्त्यात पडलेल्या नाण्यावरून गेली, तर छापा वर आहे की काटा हे हैबतरावांच्या पाठीला कळू लागलं. मग मऊ केली. पुढच्या शॉकअपमधलं तेल बदललं. आता ब्रेक मारला की गाडी नव्या सुनेसारखी खाली वाकून नमस्कार करी. रोह्याच्या चौकात पोलिसानं हात दाखवला आणि गाडी त्याच्या पायाशी वाकली, तेव्हा तो बिचारा ओशाळून म्हणाला, "असू द्या, असू द्या, जा."

शेवटी भंगारातून एका जाडजूड गाडीचे शॉकअप आणून मागे बसवले. दोन्हीकडे चकचकीत दांडे आणि त्यांवर मनगटाएवढ्या जाड स्प्रिंगा. गाडीचा मागचा भाग असा उंच झाला की हैबतराव सीटवरून घसरत टाकीवर येत आणि टाकीवरूनच कंपनीत जात.

"वजन नाय ना मागं," गोविंदा म्हणाला. "वयनींचं वजन पडलं का बसंल खाली. त्या हिशोबानं स्प्रिंग लावाया पायजेल. वजन किती त्यांचं?"

हा प्रश्न हैबतरावांनी घरी विचारला. हौसा भाकरी थापत होती. तिनं तव्यावरची भाकरी उलटली, नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "कशाला? इकायला काढलंव मला?"

मग हैबतरावांनी डोकं चालवलं. शेजाऱ्यांचा कॅमेरा मागून आणला आणि गाडीवर बसलेला तुझा फोटो काढतो, म्हणाले. हौसा नवं लुगडं नेसून, अंबाडा घालून, दोन्हीकडे पाय टाकून गाडीवर बसली. हैबतराव एका हातात कॅमेरा आणि दुसऱ्या हातात खडू घेऊन गाडीच्या मागे वाकले.

"तोंड हिकडं हाय माझं!" हौसा ओरडली.

"कळलं, कळलं, हलू नको," म्हणत हैबतरावांनी स्प्रिंग जिथवर दाबली गेली होती, तिथे खडूची रेघ मारली. कॅमेऱ्यात रीळ नव्हतं, हे हौसाला पुढे बऱ्याच दिवसांनी कळलं. त्याचा खुलासा अजून चालू आहे.

आता मागे कायमचं तेवढं वजन हवं होतं. हैबतराव सासरवाडीला गेले आणि जनूकडून मीठ घेऊन आले. स्प्रिंग त्या रेघेवर येईपर्यंत पोत्यात मीठ भरलं, पोतं मागच्या सीटवर उभं केलं आणि सुटू नये म्हणून हौसाच्या जुन्या लुगड्यानं गच्च बांधलं. पाऊस लागू नये म्हणून वरून प्लास्टिक. पोत्यापुढे घरातला दुसरा एक पाट, आणि पाटावर काठोकाठ भरलेला पाण्याचा तांब्या. पाणी सांडलं नाही तर गणपतीही सांडणार नाही, असं त्यामागचं शास्त्र.

रोज शिफ्टवरून आल्यावर हैबतराव हा जामानिमा घेऊन भिसे खिंडीपर्यंत जाऊन येऊ लागले. लवकरच शेजारची काशीबाई हौसाकडे आली आणि दाराशीच, आवाज खाली करून म्हणाली, "हौसा गो, कसं सांगू तुला? हैबतरावांच्या गाडीवं बाई बघितली मी. लुगडं तुझ्यासारखं, अंगानं तुझ्यासारखीच. पण सारी वाट बोलली नाय काय."

"बोलली नाय, म्हंजे मी नव्हं," हौसा म्हणाली आणि तांदूळ निवडत राहिली.

श्रावण लागला तशी हैबतरावांची प्रगती थक्क करणारी होऊ लागली. तांब्यातलं पाणी आधी अर्धं सांडायचं. आता तांब्या निघतानासारखाच भरून घरी येऊ लागला. रोह्याच्या श्रावणात उघडं भांडं घेऊन हिंडल्यावर त्यात वरूनही काही पडत असेल, ही शंका त्यांना शिवली नाही. एकदा तर अर्धा भरून नेलेला तांब्या काठोकाठ होऊन परत आला, तेव्हा त्यांनी गोविंदाला घरी बोलावून चहा पाजला.

दुसरी गोष्ट याहून मोठी होती. खडूची रेघ तेलाच्या रंगानं पक्की केलेली होती, आणि स्प्रिंग आता त्या रेघेच्या पुष्कळ वर राहू लागली होती. तेवढंच वजन, पण स्प्रिंग दबत नाही.

"ताकद येतेय तिला," हैबतराव म्हणाले. "रोजच्या व्यायामानं."

"येतं तसं कदीकदी," गोविंदा म्हणाला. तो कधीच नाही म्हणत नसे.

पोतं मात्र सैल पडू लागलं होतं. हैबतराव दर दोनतीन दिवसांनी लुगड्याची गाठ आवळत आणि म्हणत, "मीठ बसतंय." त्यांनी प्लास्टिक वरून टाकलं होतं. पण धावत्या गाडीला अर्धा पाऊस वरून लागतो आणि अर्धा चाकाखालून. खालून उडणारं पाणी पोत्याच्या बुडाला भिजवत होतं आणि मीठ विरघळून खाली ठिबकत होतं. ते नेमकं दोन्ही शॉकअपच्या चकचकीत दांड्यांवर. मिठागरातल्या घरचा जावई ऐन पावसाळ्यात मीठ गाडीवर बांधून महिनाभर फिरत होता, आणि मीठ हलकं होण्याचं श्रेय स्प्रिंगला देत होता.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी पोतं उतरवून अंगणात टाकलं आणि मीठ जिथे बसे तिथे हौसा बसली. काहीतरी करकरलं.

"नवीन माल हाय, आवाज करणारच," हैबतराव म्हणाले.

जित्याच्या कारखान्यात गणपती पाटावर तयार होता. कारखानदारानं रुमाल टाकला, हौसानं पाट मांडीवर घेतला. बाहेर जनू टेम्पो घेऊन उभा. मागे गवताचं अंथरूण करून, त्यावर गोधडी पसरून तो तयारीनंच आला होता.

"मी मागनं येतो, भावोजी. वाटंत काय झालं तर देव माज्याकडं द्या. तुमाला बी जागा हाय. दांड्यावर."

पेण गेलं, वडखळ गेलं. गाडी खरंच तरंगत होती. हैबतराव मान वळवून म्हणाले, "काय, झोप लागली का देवाला?"

"बरी हाय गाडी," हौसा म्हणाली. तिच्या तोंडून गाडीसाठी 'बरी' हा शब्द पहिल्यांदाच बाहेर पडला. हैबतरावांना भरून आलं, आणि भरून आल्यामुळे पुढचा खड्डा त्यांना दिसला नाही.

स्प्रिंगा खाली गेल्या. दांडे आत गेले ते गेलेच, वर आले नाहीत. मिठानं त्यांच्यावर जो गंज चढवला होता, त्यानं त्यांना आत घट्ट धरून ठेवलं. करकरणंही थांबलं. आता मागे शॉकअप असून नसल्यासारखेच. सीटखाली थेट चाक, चाकाखाली थेट रस्ता.

पुढचा दणका आला तेव्हा पाट उडाला. हौसानं तो दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि तिच्या लक्षात आलं की चौऱ्याण्णव सालचीच गाडी परत आली आहे. तेवढ्यात जनूनं टेम्पो गाडीच्या बरोबरीला आणला आणि खिडकीतून ओरडला, "हौसाताय, गाडी बसली गो तुमची! उतर, ये टेम्पोत!"

हौसानं पुढे बघितलं. हैबतरावांची पाठ ताठ होती, मान अभिमानानं उंच होती. महिनाभर हा माणूस मिठाचं पोतं घेऊन हिंडला होता, आणि तेही तिच्या वजनाचं. गाडी गेली तर उद्यापासून तो रोज सकाळी डबा घेऊन गिअरच्या दांड्यावर बसून जाणार, आणि जनू ते सगळ्या नात्यात सांगत सुटणार.

"काय झालंय आमच्या गाडीला?" ती भावाला म्हणाली. "तू तुजा टेम्पो बघ. कवाचा धूर सोडतोय."

आणि तिनं दोन्ही पाय पायट्यांवर रोवले. सीटवरून वीतभर उठली. पाट पोटाशी धरून, गुडघे वाकवून, खड्डा आला की खाली, उंचवटा आला की वर, अशी ती अधांतरी उभी राहिली. नागोठणं आलं, गेलं. भिसे खिंड आली. हैबतरावांच्या स्वतःच्या पाठीचा भुगा होत होता. पण आरशात बघावं तर मागे रुमालाखालचा गणपती होडीसारखा संथ डुलत चाललेला.

'मागची बाजू झकास झाली,' ते मनात म्हणाले. 'पुढल्या वर्षी पुढची सीट बघायची.'

आणि मोठ्यानं म्हणाले, "कसं वाटतंय?"

"फुडं बघा!" दात आवळून हौसा म्हणाली.

अष्टमीत दारासमोर गाडी थांबली. काशीबाईनं पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. हैबतरावांनी पाट घेतला, मखरात ठेवला. सगळे जवळ सरकले. जनू तर सगळ्यांच्या पुढे वाकून उभा. रुमाल काढला. सोंड जागच्या जागी, कान जागच्या जागी, आशीर्वादाचा हात वर आणि त्याची सगळी बोटं शाबूत.

"मोरया!" हैबतराव ओरडले, आणि रडलेच. जनूनं मुकाट्यानं टाळ हातात घेतले.

हौसा अजून बाहेर गाडीजवळच होती. बसताही येईना, चालताही येईना. गुडघे वाकलेले ते वाकलेलेच. तिला दोन बायांनी धरून आत आणली. माणसांना वाटलं, बाई देवासमोर वाकूनच आत येतेय.

दुपारी गोविंदा दर्शनाला आला. त्यानं बाहेरच गाडी न्याहाळली आणि हैबतरावांना हाक मारली. मागचे दांडे तांबडे झाले होते आणि आतच रुतले होते. हैबतरावांनी स्प्रिंगला लाथ मारली, ती हलली नाही. मग त्यांचं लक्ष अंगणातल्या पोत्याकडे गेलं. त्यांनी ते उचललं, आणि जोर जास्त लावल्यामुळे मागे पडता पडता वाचले. पोतं एका हातात आलं होतं.

ते पोतं त्यांनी खाली ठेवलं. मग आत गेले. हौसा भिंतीला टेकून, पाय लांब करायची खटपट करत होती.

"मग गणपती आला कसा?" त्यांनी विचारलं.

हौसानं लुगडं थोडं वर केलं आणि सुजलेले गुडघे दाखवले.

हैबतराव तसेच मागे वळले. स्वयंपाकघरात जाऊन खोबरेल तेल गरम करून आणलं आणि बायकोचे गुडघे चोळायला बसले. त्या वर्षी मोदकही त्यांनीच वळले. काही मोदकांना कळ्या नव्हत्या आणि काहींना सारण नव्हतं, पण सगळे मऊ होते.

तेल चोळणं चाललं असतानाच पलीकडच्या आळीतली गिरजाबाई आली. गणपती जित्याहून मोटरसायकलवरून आला आणि शाडूला चरासुद्धा गेला नाही, ही बातमी एव्हाना पूल ओलांडून रोह्यातही पोचली होती.

"हैबतराव, पुढल्या वर्साला आमचा बी गणपती तुमच्याच गाडीवं आणायचा. ते शॉकअप म्हंतात ना, तेच लावून."

हैबतरावांनी वर बघितलं. सांगावं की न सांगावं, अशा पेचात त्यांचे तेलकट हात गुडघ्यावरच थांबले.

"गाडी न्या गो खुशाल," हौसा म्हणाली. "शॉकअप मातूर घरचा गणपती सोडून कोनाला देत नाय आमी." आणि नवऱ्याकडे वळून म्हणाली, "थांबलाव कशाला? डाव्या बाजूला जरा तेल घाला."