कवडीचा ब्रश

आमचा मामा गाईंचे केस उपटायचा. हसू नका, त्याचा पगार मिळायचा त्याला. जनावरांच्या संशोधन केंद्रात तो नमुने गोळा करायचा. शेपटीच्या गोंड्यातले केस मुळासकट ओढायचे, लिफाफ्यात घालायचे, वर जनावराचा नंबर टाकायचा. पुढे प्रयोगशाळेत त्या मुळांतून डीएनए काढायचे आणि कुठली वासरं पैदाशीसाठी ठेवायची ते ठरवायचे. नव्या माणसांना मामा दरडावून सांगायचा, "मूळ नसेल तर तो केस नाही, दोरा आहे."

घरी मात्र त्याचं काही चालायचं नाही. घरी मामी होती, आणि मामीची कवडी. वय झालं म्हणून केंद्राने काढून टाकलेली ही गाय मामाने हौसेने घरी आणली होती. मामी रोज दुपारी पायरीशी तिला ब्रश करायची, आणि झालं की तोच ब्रश स्वतःच्या ओल्या केसांतून फिरवायची. मी त्यांच्याकडेच राहायचे. मी नाक मुरडलं की म्हणायची, "आमचं दोघींचं पार्लर एकच आहे गं, तुला काय त्रास?" अजून ते आठवलं की हसू येतं.

केंद्रातल्या मॅडमना कवडीचा नमुना हवा होता. भर उन्हाळ्यातही दूध न आटणाऱ्या तिथल्या बऱ्याच गाई तिच्याच लेकी-नाती. तो गुण तिचा की वळूचा, हे तिच्या नमुन्याशिवाय कळणार नव्हतं. मामाने लिफाफा नेऊन दिला, तो कपाटात पडला. पुढे मामी गेली. वर्षाच्या आत कवडीही गेली. नमुना आहेच, म्हणून कोणाला काळजी नव्हती.

लिफाफा उघडला तेव्हा मी तिथेच नोकरीला लागले होते. मॅडम बराच वेळ भिंगातून बघत राहिल्या.

"मामा, हे कात्रीने कापलेत." सगळं केंद्र त्याला मामाच म्हणायचं.

मामाने मान खाली घातली. "ही शेजारी उभी होती. म्हणाली, माझ्या कवडीला दुखवायचं नाही. मग काय करणार?"

मला त्याचा असा राग आला की सांगता सोय नाही. जन्मभर दुसऱ्यांना शिकवलं, आणि स्वतःच माती खाल्ली.

"ब्रश आहे ना," संध्याकाळी घरी मी म्हटलं. दाराआड खिळ्याला तो तसाच लटकत होता. मामी गेल्यापासून मामाने त्याला कोणाला हात लावू दिला नव्हता. एकदा मी धूळ झटकायला काढला तर अंगावर धावून आला होता. त्या रात्री तो जेवला नाही. सकाळी मात्र ब्रश कागदात गुंडाळून माझ्याआधी निघाला.

प्रयोगशाळेच्या टेबलावर तो स्वतः चिमट्याने केस सोडवत बसला. आखूड, तांबूस केस. बरेच नुसते, काहींना मूळ. मॅडम मूळवाले बाजूला काढत होत्या. "पुरतील," त्या म्हणाल्या. आणि पुरले. गुण कवडीचाच निघाला, आज केंद्रात तिच्या वंशाची वासरं निवडून ठेवतात.

पण त्या दिवशी चिमट्यात एक केस आला तो हातभर लांब, अर्धा पांढरा. मामाचा हात थांबला. मॅडमनी सवयीने भिंग धरलं. "याला मूळ आहे," म्हणाल्या, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी एक कोरा लिफाफा हळूच पुढे सरकवला.

मामाने केस आत ठेवला. सवयीने पेन काढलं आणि परत खिशात टाकलं.

"नंबर नको," तो म्हणाला, "ही ओळखते मला."

मामी गेली तेव्हा तो रडला नव्हता. त्या टेबलाशी बसून रडला.