वाहरूची चाल वाजवणारा जामसिंग

आमच्या रतिलालकाकांना भाषणाची भारी हौस. शहाद्याच्या बाजूला आमची शेती, घरात बोलणं गुजरी, पण काका व्यासपीठावर चढले की शाळामास्तरांची मराठी सुरू. ‘भिल्ल काय, पावरा काय, गुजर काय, आपण सारे एकच’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य, आणि त्यापाठोपाठ जामसिंगचं नाव. जामसिंगनं देशासाठी वैर सोडलं, असं ते सांगत. ते साफ खोटं होतं आणि ते ऐकताना माझं डोकं तापायचं.

जामसिंग डोंगरातल्या उंबरपाणीचा पावरा. गावाचा ढोल त्याच्या गळ्यात. डोंगरात ढोल गावाचा असतो आणि चालही गावाची. दरीपलीकडून नुसता आवाज आला तरी माणसं सांगतात, हा अमक्या पाड्याचा. दुसऱ्या गावाची चाल वाजवणं म्हणजे त्यांच्या घरात शिरून परस्पर चूल पेटवणं.

जामसिंगच्या बापानं तेच केलं. होळीला त्याला मोहाची दारू चढली होती. गंमत म्हणून त्यानं समोरच्या खडकापाड्याच्या भिल्लांची चाल वाजवली. उंबरपाणीचे लोक हसले. खडकापाड्याच्या ढोलवाल्यानं शांतपणे गळ्यातला ढोल उतरवला, धनुष्य उचललं आणि तीर त्याच्या गळ्यातून आरपार घातला. म्हातारा होळीच्या निखाऱ्यांवर कोसळला. जामसिंगनं पाय धरून त्याला ओढलं, तोवर तोंड ओळखू येत नव्हतं.

मारणारा पुढे हिवतापानं अंथरुणात मेला. जामसिंग चवताळला. तोंडातला घास कुणी हिसकावला असं त्याला झालं. मग वैर त्याच्या पोरावर आलं, वाहरूवर. डोंगरात ज्याच्या गळ्यात ढोल, त्याच्या माथी वैर.

बेचाळीसच्या साली काकांच्या डोक्यात कल्पना आली. पायथ्याच्या बाजारात मिरवणूक काढायची आणि दोन्ही गावांचे ढोल पुढे घालायचे. जामसिंगला ते म्हणाले, “देशनं काम शे, भाऊ. वाहरूबी येई ऱ्हायना.”

जामसिंगनं एवढंच विचारलं, “नक्की येई ना?”

“येई, येई!” काका खूश. देश जागा झाला असं त्यांना वाटलं. जामसिंगनं घरी जाऊन सुरा दगडावर घासला आणि कमरेला खोचला.

बाजाराच्या दिवशी दोघं कोपराला कोपर लावून उभे राहिले. एकमेकांकडे बघत नव्हते. काका मधे शिरून “एकच ताल, एकच ताल” म्हणून हात नाचवत होते, पण ऐकतो कोण! हा उंबरपाणी वाजवतोय, तो खडकापाडा. बाजारातल्या बाया कानावर हात ठेवून हसत होत्या. पुढच्या वळणावर गर्दी दाटली की सुरा काढायचा, असं जामसिंगनं ठरवलेलं. त्यानंच मला पुढे सांगितलं.

वळणावर पोलीस उभे होते. आधी लाठ्या पडल्या. मिरचीची पोती फुटली, माणसं पायाखाली आली. मग गोळ्या सुटल्या. वाहरूच्या बरगडीत गोळी घुसली आणि तो ढोलावर उपडा पडला. जामसिंगचा हात सुऱ्यावरच होता. इतकी वर्षं राखलेला माणूस कुणा परक्यानं नेला! तो गुरासारखा हंबरला, जवळच्या शिपायाच्या अंगावर पडला आणि दातांनी त्याचा कान तोडला. बंदुकीच्या दस्त्याखाली त्याचं डावं मनगट मोडलं, तो निपचित पडला आणि शिपाई त्याला तिथंच टाकून पळणाऱ्यांमागे धावले. काका तेव्हा कापसाच्या गाडीखाली होते. मी त्यांच्या शेजारीच होतो, म्हणून हे सगळं मला दिसलं.

बाजार रिकामा झाला. वाहरूची आई भुरीबाई लेकाचं डोकं मांडीवर घेऊन रस्त्यात बसली होती. ढोलवाल्याचं मढं त्याच्या गावाची चाल वाजल्याशिवाय उचलत नाहीत. उचललं तर तो पूर्वजांपर्यंत पोचत नाही, वाटेवरच भटकत राहतो. आणि खडकापाड्याचे तर सगळे जंगलात पळालेले. फौजदार ओरडला, “उचला, नाही तर इथंच रॉकेल ओततो!”

भुरीबाईनं जामसिंगकडे पाहिलं. तो कोण हे तिला ठाऊक होतं.

जामसिंगनं सुरा काढला. मला वाटलं, आता म्हातारीही गेली. त्यानं वाहरूच्या गळ्यातला ढोलाचा पट्टा कापला, दातांनी गाठ ओढून तो स्वतःच्या गळ्यात अडकवला आणि एका हातानं वाजवू लागला. खडकापाड्याची चाल! बापाचा जीव घेणारी. पाठीवर लाठ्या बसत होत्या, कपाळातून रक्त वाहत होतं, पण चाल तुटली नाही. बाजारातल्या हमालांनी मढं उचललं. नदीपर्यंत तो पुढे आणि भुरीबाई मागे. तिथंच त्याला बेड्या घातल्या. शिपायाच्या कानापायी त्याला सक्तमजुरी झाली.

सुटल्यावर तो आमच्याकडे कापूस वेचायला आला. मनगट वाकडंच राहिलं होतं. मी विचारलं, “देशसाठे वाजाडं का?”

तो थुंकला. “देश कसाना! तठे मन्हा बाप त्यानी वाट देखी ऱ्हायना. वाहरू रस्तामाच ऱ्हायता, तं बापले कसा सापडता?”

माफी नव्हतीच. त्याला शत्रू बापाच्या हवाली करायचा होता. खरं सांगतो, काकांच्या सगळ्या भाषणांपेक्षा मला ते पटलं.

सत्तेचाळीसच्या ऑगस्टात झेंडावंदनाला काकांनी जामसिंगला आणि भुरीबाईला व्यासपीठावर बसवलं. नंदुरबारहून बँड आणला होता. “मातृभूमीसाठी वैर विसरणारा हा वीर...” काकांनी सुरू केलं. जामसिंग मधेच उठला आणि भुरीबाईपुढे जाऊन उभा राहिला.

“माय, मी त्याले माराले येल व्हतू. कमरले सुरा व्हता.”

काकांचं तोंड उघडं ते उघडंच.

“माले ठाऊक व्हतं,” भुरीबाई म्हणाली. “वाहरूना बाणना भातामाबी तुन्हा नावना तीर व्हता. मीच घासेल व्हता. तू जेलमातून सुटना तवय मन्हा धाकला पोऱ्या तो तुन्हावर सोडाव व्हता. तू वाजाडं म्हनीसन मी सोडू दिन्हा नही.”

जामसिंग तिच्या पायाशी मटकन बसला आणि भर सभेत ढसाढसा रडला. भुरीबाईनं त्याचं वाकडं मनगट हातात घेतलं आणि सोडलं नाही. काकांनी घाईघाईनं बँडवाल्यांना खूण केली.